पाठ न दाखवणारं गाव

आमच्या गावाला पाठ नाही. डोंगराच्या सोंडेवर आमचं गाव, खाली उत्तरेला नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे ते दुसरं गाव. आमच्याकडची झाडून सगळी घरं त्या गावाकडे तोंड करून उभी आहेत. दारं तिकडे, खिडक्या तिकडे, ओटे तिकडे. मागच्या भिंतीला खिडकी ठेवायची कुणाची टाप नाही. कारण आमच्याकडे एकच कायदा चालतो: पलीकडच्या गावाला पाठ दाखवायची नाही.

कायदा कुठून आला म्हणाल, तर फार पूर्वी दोन्ही गावांत भांडण झालं होतं. कशावरून ते कुणालाच आठवत नाही, पण झालं होतं एवढं सगळ्यांना पक्कं आठवतं. त्यात आमच्यातला एक जण पाठ दाखवून पळाला आणि पलीकडचे इतके हसले, इतके हसले, की त्या हादऱ्यानं नदीतले मासे उडून काठावर पडले. ते मासे आमच्या लोकांनी भरभरून घरी नेले, पण हा भाग पलीकडचे सांगत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे जो तो नदीकडे तोंड करून. कोंबडीसुद्धा अंडं घालताना नदीकडेच बघते. एक कोंबडी एकदा उलटी बसली, तर तिचं पिल्लू जन्मभर मागे मागे चालायचं. खोटं वाटत असेल तर त्या पिल्लालाच विचारा. ते आता हयात नाही ही गोष्ट वेगळी.

तर अशा या गावात गिरणी होती, आणि गिरणी होती म्हणजे आत्या होती. ती खरी एकाच मुलीची आत्या, पण ती भाची लहानपणी सुटीला यायची आणि दिवसभर "आत्या, आत्या" करत गिरणीत लुडबुडायची, ते ऐकून ऐकून सगळं गाव तिला आत्या म्हणायला लागलं. मीही म्हणतो, आणि मी तिच्यापेक्षा वयानं थोरला आहे. नवरा गेल्यावर गिरणी तिनंच चालवली. भुवया कायम पिठानं पांढऱ्या, त्यामुळे ती म्हातारी कधी झाली ते कुणाला कळलंच नाही. जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी, एकदा फिरायला लागली की मध्ये बोट घालायची सोय नाही. आणि ताठा असा, की लग्न होऊन आली परगावाहून, पण पाठीचा कायदा आमच्या जन्मजात माणसांपेक्षा तीच कडक पाळायची.

विजेच्या तारेचं म्हणाल तर ती पलीकडच्या गावात कधीच पोचली. खांब नदीपर्यंत आले आणि पाणी बघून थबकले, ते आजतागायत थबकलेलेच आहेत. विचारलं की "पुढच्या वर्षी". ते पुढचं वर्ष कायम आमच्या एक पाऊल पुढे चालत राहिलं. पलीकडे दिवे लागायचे, आणि आम्हाला कायद्यानं तिकडेच तोंड करून बसावं लागत असल्यामुळे ते बघावे लागायचे.

आत्याची गिरणी तेलाच्या इंजिनावर. इंजिन इतकं जुनं की ते सुरू करायला आधी त्याची समजूत काढावी लागे. एका दुपारी त्यानं एक मोठी उचकी दिली, काळ्या धुराचा एक लोट सोडला आणि डोळे मिटले. मेकॅनिकनं येऊन आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि टोपी काढून हातात घेतली. मयताला आल्यासारखा उभा राहिला बिचारा.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायका डोक्यावर धान्य घेऊन डोंगर उतरायला लागल्या, पूल ओलांडून पलीकडच्या विजेच्या गिरणीत दळून आणायला. तिथला गिरणीवाला हसून म्हणायचा, "या, या. वरच्या गावाचे दात पडले वाटतं?" आणि तिथल्या बायकांचं दळण होईपर्यंत आमच्या बायका भिंतीला टेकून उभ्या.

ही बातमी आत्याच्या भावाला लागली. तो तिचा थोरला दादा, वाहनं भाड्यानं देणारा, मनानं लोण्याचा गोळा आणि आवाजानं लोहाराचा भाता. आला तो थेट मुद्द्यावर.

"झालं ना आता? बंद पडलं ना खटारं? चल घरी. खोली तयार आहे. चुना लावलाय, खाट टाकलीय, खिडकी अंगणाकडे आहे."

"आणि तिथं करू काय? तुझ्या अंगणाकडे बघत बसू?"

"आराम कर. जन्मभर दळलंस."

"दादा, आराम म्हाताऱ्यांनी करायचा असतो. तू कर."

तेव्हाच आत्यानं सांगितलं की इंजिन तिनं भंगारात काढलंय आणि आता गिरणी उन्हावर चालणार आहे. दादानं कपाळाला हात लावला. उन्हावर कपडे वाळतात, मिरच्या वाळतात, गिरणी कशी चालेल? शब्दानं शब्द वाढला, आणि वाढता वाढता आत्याच्या तोंडून जायचा तो शब्द गेला: "या महिन्याच्या शेवटच्या बाजाराला गाडी घेऊन ये. माझी गिरणी दळत नसेल, तर एक अक्षर न बोलता तुझ्या गाडीत बसेन."

आत्या एक अक्षर न बोलता बसेल, हे ऐकूनच दादाला भरून आलं. तो म्हणाला, "येतो."

आता त्या भाचीचं सांगायला पाहिजे, म्हणजे याच दादाच्या मुलीचं. लहानपणी हिनं गिरणीच्या बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना भेटवल्या होत्या, तेव्हापासून तिचं नाव ठिणगी. पुढे त्याच तारांचं शिकली आणि शहरात सोलरच्या कामाला लागली. बाप एकीकडे आत्यासाठी खोलीला चुना लावतोय आणि लेक दुसरीकडे आत्याची गिरणी उभी करतेय, असं ते घर.

ठिणगी ज्या दवाखान्याचं काम करत होती, तिथं छपरावर नवी मोठी पॅनेलं बसत होती. जुनी उतरवून भंगाराच्या ढिगात लावलेली. तिनं एकेक मीटर लावून तपासलं. धडधाकट होती. वयानं थोडी मंदावलेली, पण कामाला तयार. "आत्या, अगदी तुझ्यासारखी आहेत," ती गावी येऊन म्हणाली, आणि एक धपाटा खाल्ला. त्याच ढिगात दवाखान्याच्या जुन्या लोखंडी खाटा होत्या. ठिणगीनं त्याही मागून घेतल्या, पॅनेलांना चौकट म्हणून.

ते सगळं सामान पुलापासून वर आणायला अख्खं गाव लोटलं. लोहारानं खाटा कापून तिरप्या केल्या आणि जोडल्या. सुतारानं ठिणगीनं आणलेल्या मोटरीखाली ठोकळा बसवला. शिंप्यानं पीठ पडायच्या तोंडाला नवा कापडी नळा शिवला आणि त्याला उगाचच झालर लावली. ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यानं सल्ला दिला. तो सगळ्यात जास्त जमला.

"बॅटऱ्या कुठायत?" कुणीतरी विचारलं.

"नाहीत," ठिणगी म्हणाली. "बॅटऱ्यांमुळेच हे महाग होतं, आणि बिघडतं ते पण त्यांच्यामुळेच. दळण काही रात्री लागत नाही. ऊन आहे तोवर दळायचं, ऊन गेलं की झोपायचं. पीठ साठवता येतं, मग वीज कशाला साठवायची?"

हे मात्र सगळ्यांना पटलं. न पटलं ते पुढचं. गिरणीच्या अंगणात खाटा मांडताना ठिणगी म्हणाली, "तोंड दक्षिणेला करायचं. डोंगराच्या बाजूला. ऊन तिकडून येतं."

दक्षिणेला तोंड म्हणजे नदीकडे पाठ.

आमच्यात एक आजोबा आहेत, त्यांना तोफखाना म्हणतात. त्यांचा आवाज असा, की त्यांनी इकडून शिंक दिली तर पलीकडच्या गावात लोक छत्र्या उघडतात. पाठीच्या कायद्याचे ते वकील, न्यायाधीश आणि शिपाई, तिन्ही. ते उठले. "पोरी," ते म्हणाले, "या गावात कुत्रंसुद्धा तिकडे शेपूट करून बसत नाही. आणि तू एवढा चकचकीत ऐवज त्यांना पाठमोरा दाखवणार?"

ठिणगीनं आत्याकडे बघितलं. आत्या तिची बाजू घेईल असं तिला वाटलं असावं. पण आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तोंड नदीकडेच करायचं," ती ठासून म्हणाली. "एवढे दिवस त्यांचे दिवे आम्ही बघितले. आता आमची पॅनेलं त्यांनी बघावीत. डोळे दिपले पाहिजेत त्यांचे!"

टाळ्या पडल्या. ठिणगीनं खाली बसून खाटांच्या पायांभोवती दगड आणि माती लावली, अगदी मन लावून, आणि हात झटकून उठली.

पहिल्या दिवशी सगळे जमले. ठिणगीनं भिंतीवरच्या डब्याचं बटण दाबलं. मोटर गुणगुणली. पट्टा हलला, वरचा दगड फिरला. फिरला म्हणजे कसा, जेवून उठलेला पाहुणा कूस बदलतो तसा. आत्यानं वरून ओंजळभर गहू सोडला. दगडानं त्या गव्हाकडे बघितलं, विचार केला आणि थांबला. खालून नुसते दुखावलेले दाणे पडले.

"ढग आहे," आत्या म्हणाली. वर निळंशार आभाळ होतं.

मग रोज तेच. सकाळी दगड आळस देई, दुपारी डुलकी घेई. आणि ते डोळे दिपायचं तर लांबच राहिलं. ज्या पॅनेलांवर ऊनच पडत नाही ती चमकणार कशी? पलीकडून पाहिलं तर नुसत्या काळ्या पाट्या. एक दिवस तिकडून आरोळी आली, "अहो, एवढे फळे कशाला मांडलेत? शाळा काढताय का?" तोफखान्यांनी उत्तर दिलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ठिणगी हळूच म्हणाली, "आत्या, फिरवू या का?"

"नाही."

"दुपारी सगळे जेवून पडतात तेव्हा. कुणाला कळणारही नाही."

"चोरून? माझ्याच अंगणात मी चोरून काम करू?" आत्या उसळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तोंड तिकडे करा असं मीच सगळ्यांसमोर म्हणाले ना? आता माझी गिरणी जाते म्हणून गावाची पाठ दाखवू? गेले तर मी एकटी जाईन. गावाचं नाक आहे तिथं राहू दे."

आणि ती खरोखर आवरायला लागली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं पेटी भरली, भांडी बांधली. मग छिन्नी-हातोडी घेतली, दोन्ही दगड उघडले आणि त्यांना टाकी लावत बसली. दगड गुळगुळीत झाले की त्यांच्यावर पुन्हा खाचा काढाव्या लागतात, त्याशिवाय पीठ बारीक पडत नाही. मी ओट्यावरून बघत होतो. न राहवून विचारलं, "आत्या, जायचंय ना? मग आता दगडांना टाकी कशाला?"

"बोथट दगड मागे सोडून जाणारी गिरणीवाली मी नाही," ती म्हणाली आणि पुन्हा ठक ठक करत बसली. मान वर केली नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. ऊन असं कडक की सरडे सावलीसाठी एकमेकांच्या अंगावर चढत होते. दादाचा छोटा टेम्पो पूल ओलांडून घरघरत वर आला. दादा उतरला. कपडे नवे, चेहरा मात्र अपराध्याचा. गिरणीत डोकावला. दगड डुलत होता.

"दळतेय?" त्यानं विचारलं.

"दिसतंय ना," आत्या म्हणाली. तिनं पदर खोचला आणि पेटीचं एक कडं स्वतःच धरलं. "उचल दुसरीकडून."

आत्या खरंच एक अक्षर जास्त बोलली नाही. ते आम्हाला फार लागलं. ती शिव्या देत निघाली असती तर आम्ही हसत निरोप दिला असता. अंगणात निम्मं गाव उभं होतं.

तेवढ्यात आमच्या बायका खालून दळण घेऊन आल्या. सगळ्यात पुढे तोफखान्यांची सून. घामानं निथळत होती. तिनं पिठाचा डबा डोक्यावरून उतरवून ओट्यावर ठेवला, श्वास घेतला आणि अंगणातला तो देखावा बघितला. पेटी, भांडी, आत्याचे मिटलेले ओठ.

"आत्या, निघालात?"

"शब्द दिला होता."

"आणि ती पॅनेलं? ती तशीच तिकडे बघत बसणार?"

तोफखाना मध्येच गरजले, "मग काय पाठ दाखवायची?"

आता ही सून म्हणजे सासऱ्यांसमोर आवाज न चढवणारी. त्या दिवशीही चढवला नाही. साधंच विचारलं, "मामंजी, एक विचारू? पलीकडून दळण घेऊन आम्ही हा डोंगर चढतो तेव्हा आमची पाठ कुठं असते हो?"

तोफखान्यांनी खालच्या चढाकडे बघितलं.

"नदीकडेच असते," ती म्हणाली. "पुलापासून इथपर्यंत, सबंध चढभर. डोक्यावर ओझं असतं, मागे वळून चालता येत नाही. पलीकडचे रोज आमच्या पाठी बघतात. इंजिन गेल्यापासून रोज. तुम्ही ओट्यावर बसून तिकडेच बघत असता, तुम्हाला दिसलं असेल की."

दिसलं होतं. आम्हा सगळ्यांनाच दिसलं होतं. चढणाऱ्या बायकांची तोंडं आमच्याकडे म्हणून आम्ही खूश. तोंड आमच्याकडे म्हणजे पाठ तिकडे, हा हिशेब इतक्या शहाण्यासुरत्यांच्या गावात कुणाच्या डोक्यात आला नव्हता. मला तर त्या क्षणी ओट्याखाली सरकावंसं वाटलं, पण तिथं आधीच दोघं शिरले होते.

आत्यानं पेटीचं कडं सोडलं. पेटी दादाच्या पायावर पडली. तो कळवळला, पण तिकडे कुणी बघितलं नाही. आत्या अंगणाच्या मधोमध आली. गावाकडे बघून म्हणाली, "ऐका. तोंड नदीकडे करा असं मीच म्हणाले होते. चुकलं माझं." हे शब्द आत्याच्या तोंडून ऐकणारी आमची पिढी पहिली आणि बहुधा शेवटची. "मला दाखवायचं होतं. दाखवायच्या नादात दळायचं राहिलं. अरे, दगडाला टाकी लावते तेव्हा मी वाकलेली असते. विहिरीतून पाणी काढणारा वाकलेला असतो. लोहार भात्याकडे बघतो, शिंपी सुईकडे बघतो. कामात असलेल्या माणसाची कुणालाही पाठच दिसते. पळणाऱ्याची पाठ वेगळी आणि राबणाऱ्याची वेगळी, हे ज्याला कळत नाही त्यानं खुशाल हसावं. माझं तोंड माझ्या कामाकडे. ठिणगे, फिरव!"

"चौकटी जमिनीत पक्क्या केल्यात ना?" लोहार म्हणाला. "उकरायला अर्धा दिवस जाईल."

ठिणगी खाली बसली आणि खाटांच्या पायांचे दगड बाजूला सारले. खाली चाकं होती. दवाखान्याच्या खाटांना असतात तीच, रबराची, तेल घातलेली.

"तू चाकं काढलीच नव्हतीस?" आत्या म्हणाली.

"मला ऊन कुठून येतं ते माहीत आहे," ठिणगी म्हणाली, "आणि माझी आत्याही माहीत आहे."

दुसरा धपाटा तिला बसायला हवा होता, पण आत्याचा हात तिच्या डोक्यावर जाऊन थांबला.

मग काय विचारता! गावानं त्या खाटांना हात लावला आणि सगळी पॅनेलं रांगेनं गर्रकन वळली. अशी वळली, की त्या वाऱ्यानं पलीकडच्या गावात वाळत घातलेले कपडे उडाले म्हणतात. मी बघायला गेलो नव्हतो. तोफखाना तेवढे अजून जागचे हलले नव्हते. कायदा मोडताना बघणं त्यांना जड जात होतं. शेवटी त्यांनी घसा खाकरला. "ठीक आहे. पॅनेलं कामात आहेत. पण गावातर्फे कुणीतरी तिकडे तोंड करून बसलंच पाहिजे." आणि खुर्ची मागवून ते स्वतः पॅनेलांच्या मागे नदीकडे तोंड करून बसले. तिथं पॅनेलांची गार सावली पडत होती. थोड्याच वेळात पहारा घोरायला लागला. त्या जागेवर आता पाळी लावावी लागते, आणि गावाच्या इभ्रतीसाठी जीव द्यायला तयार असलेले इतके म्हातारे गावात आहेत हे आम्हाला तेव्हाच कळलं. माझीही पाळी असते. मी कधी चुकवत नाही.

इकडे ठिणगीनं बटण दाबलं. मोटर गुणगुणली नाही, गायला लागली. पट्टा सपकन ताणला गेला. वरचा दगड हलला, फिरला, घुमला, आणि बघता बघता त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. ना धूर, ना तेलाचा वास, ना उचकी. आत्यानं वरच्या पेटीत धान्य ओतलं. आम्ही सगळे दगड आता थांबतो की मग थांबतो म्हणून बघत राहिलो. तो थांबला नाही. कापडी नळा फुगला, त्याची झालर थरथरली, आणि खालून पीठ आलं. बारीक, पांढरं, गरम पीठ.

आत्यानं ते चिमटीत धरलं, चोळलं, हाताच्या पाठीवर पसरलं. मग सुनेच्या तळहातावर ठेवलं. तिनं शेजारणीच्या. ते चिमूटभर पीठ अंगणभर फिरलं. मी आमचं गाव पूर आलेला असताना पाहिलंय, लग्नात पाहिलंय, पण इतकं ताठ उभं राहिलेलं तेव्हाच पाहिलं. कुणी कुणाकडे तोंड करून उभं आहे हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही.

पुढे त्याच उन्हावर विहिरीला पंप बसला, शिंप्याचं मशीन बसलं, आणि नर्सबाईंच्या खोलीत औषधं गार ठेवायची पेटी आली. तिच्यापुरती एक बॅटरी मात्र ठिणगीनं आणलीच. औषधं काही ऊन गेल्यावर झोपत नाहीत, असं तिचं म्हणणं. प्रत्येक नव्या चौकटीला ठिणगी चाकं लावायची, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "सवय आहे." पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी अंगणात धान्याची रांग लागली होती आणि दादा एका कोपऱ्यात दुखरा पाय चोळत उभा होता.

आत्यानं त्याला हाक मारली. "असा काय उभा आहेस? इकडे ये. पोत्याचं तोंड धर."

त्यानं धरलं. पिठाचा पहिला भपकारा तोंडावर आला आणि त्याच्या भुवया बहिणीसारख्या झाल्या. कितीतरी वेळ तो नुसताच पोती धरत राहिला, बांधत राहिला, बाजूला ठेवत राहिला. मग दगडाच्या आवाजात बुडेल इतक्या हळू म्हणाला, "मी खोलीला चुना लावला होता गं. दोन हात दिले."

"माहीत आहे मला."

"खिडकीला पडदा पण लावलाय."

"कुठल्या रंगाचा?"

"निळा. तुला आवडतो म्हणून."

आत्यानं पदराच्या टोकानं त्याच्या भुवया पुसल्या. पदरावरच पीठ असल्यामुळे त्या आणखी पांढऱ्या झाल्या. "येईन ना पडदा बघायला," ती म्हणाली. "पण गिरणी बंद करून नाही. गिरणीला कुलूप लावून, चार दिवसांची पाहुणी म्हणून, मानानं येईन."

दादानं मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखा टेम्पोकडे गेला आणि बाजारातून घेतलेलं गव्हाचं पोतं खांद्यावर टाकून आला. ते सरळ गिरणीच्या तोंडाशी नेऊन टेकवलं. "आता हेही टाक बघू. घरी जाताना पीठच घेऊन जातो. तुझ्या वहिनीला दाखवतो, उन्हाचं दळण कसं असतं ते."

आत्यानं पोत्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि आज सकाळपासून दाबून ठेवलेली तिची जीभ पट्ट्यासारखी सुटली. "अरे वा! गिरणीवालीचा भाऊ म्हणून रांग मोडणार? या बायका सकाळपासून डोंगर चढून दमल्यात, त्या मागे राहणार आणि तू पुढे? मोठा गाडीवाला लागून गेलास! उचल ते. रांगेत ठेव, शेवटी."

"अगं पण ऊन उतरायला लागलंय. माझा नंबर येईपर्यंत तुझी गिरणी बंद पडेल!"

"बंद पडणार नाही, झोपेल. उद्या उठेल," आत्या म्हणाली आणि ताठ मानेनं पुढच्या बाईच्या धान्याला हात घातला. "तुझा नंबर उद्या. आज मुक्काम इथंच. ती पेटी अंगणातून उचलून आत ठेव आणि मग बस खुशाल."